न छेडलेली तार

गिटार मांडीवर आडवी होती, डावा हात तिच्या नेकवर सैल पडला होता आणि मी समोर बसलेल्या मित्राशी बोलत होतो. वाजवणे थांबले होते, निदान माझ्या समजुतीप्रमाणे तरी थांबले होते. एक मुद्दा ठासून सांगण्याच्या भरात माझा उजवा हात उचलला गेला, बाहीचे बटण गिटारच्या कडेला टक्कन लागले आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून व्हायोलिनच्या ताफ्यासारखा एक रुंद, भरदार सूर हळूहळू वर चढला, काही क्षण तसाच राहिला आणि विरून गेला. मी कोणतीही तार छेडली नव्हती. मित्राने आधी स्पीकरकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि विचारले, "ही आता तुझ्याशिवायही वाजते का?" त्याने थट्टाच केली होती आणि मीही ती हसण्यावारी नेली, पण तो गेल्यावर मी तेच बटण गिटारच्या त्याच कडेला पुन्हा पुन्हा आपटून पाहत बसलो.

घडले होते ते अगदी साधे होते. धक्क्याने लाकूड किंचित थरथरले, त्या थरथरीने पाचवी मोकळी तार हलली आणि ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, बसवलेल्या जुन्या सिंथ पिकअपने, म्हणजे तारांचे हलणे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याला कळवणाऱ्या साधनाने, ते हलणे टिपले. त्या दिवशी निवडलेला आवाज छेडीच्या जोराची फारशी दखल न घेणारा होता, त्यामुळे तार जेमतेम हलली असली तरी सूर पूर्ण अंगाने उमटला. अशी थरथर या गिटारमध्ये ती माझ्या हातात आली तेव्हापासून होत असणारच. साध्या पिकअपमधून ती अॅम्पपर्यंत, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रापर्यंत जाते, एखादी पुसट गुणगुण होऊन बाहेर पडते, आणि गिटार वाजवणाऱ्याचा कान ती न ऐकण्याची सवय फार लवकर लावून घेतो. इतक्या वर्षांत मी ती ऐकलीच नव्हती असे म्हणता येणार नाही. ऐकूनही तिला सुरांत धरले नव्हते, एवढेच. आता गिटारवर असे काहीतरी बसले होते की जे तिला सुरांत धरत होते.

गिटार अगदी सामान्य आहे. दोन हंबकर पिकअप, सरळ ब्रिज, ठिकठिकाणी पोचे पडलेले पॉलिश. कोणी मुद्दाम थांबून विचारावे असे तिच्यात काही नाही. परंतु तिच्या नेकची जाडी माझ्या अंगठ्याला पाठ आहे आणि बाराव्या फ्रेटनंतर (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी) हात किती वळवायचा हे मला ठरवावे लागत नाही. तिला सिंथेसायझरचा पिकअप लावायचे ठरवले ते याच कारणासाठी. हा पिकअप म्हणजे एक अरुंद पट्टी असते, ब्रिज आणि त्याच्या शेजारचा नेहमीचा पिकअप यांच्या फटीत मावेल एवढी. तिच्यात प्रत्येक तारेखाली स्वतंत्र चुंबक आणि स्वतंत्र वेटोळे असते. पट्टीतून निघालेली बारीक वायर गिटारच्या अंगावर बसवलेल्या एका डबीत जाते आणि डबीतून तेरा पिनांची जाड केबल सिंथेसायझरकडे जाते. त्या तेरांपैकी सहा पिना सहा तारांसाठी असतात, एक गिटारच्या मूळ आवाजासाठी, एक सिंथच्या आवाजाची पातळी सांगण्यासाठी, दोन डबीवरच्या दोन बटणांसाठी, आणि दोन पिनांवरून उलट दिशेने म्हणजे सिंथकडून डबीकडे अधिक ७ आणि उणे ७ व्होल्टचा पुरवठा येतो. त्यामुळे डबीत बॅटरी लागत नाही. एक पिन मोकळीच असते. ती पाहिली की अजून काहीतरी सांगायचे राहून गेले आहे असे मला उगाच वाटते.

या पट्टीचा इतिहास पाहिला तर त्यात दोन वृत्ती शेजारी शेजारी चालताना दिसतात. पहिली म्हणते की यंत्राला नीट ऐकू यावे यासाठी गिटारच नव्याने घडवली पाहिजे. रोलँड या जपानी कंपनीने १९७७ साली जीआर-५०० हा आपला पहिला गिटार सिंथेसायझर काढला तेव्हा त्याच्याबरोबर जीएस-५०० नावाची खास गिटार होती आणि तिच्यात तार विझूच नये म्हणून तिला विद्युतचुंबकीय मार्गाने हलती ठेवण्याची सोयही होती. १९८० च्या जीआर-३०० बरोबर जी-३०३ आणि जी-८०८ या गिटारी आल्या. चोवीस पिनांच्या केबलने त्या सिंथला जोडल्या जात. जॅझ गिटारवादक पॅट मेथेनी यांचा तो तुतारीसारखा उंच, किंचित घसा बसलेला आवाज याच जोडीचा आहे आणि तो त्यांनी पुढे अनेक दशके सोडला नाही. १९८४ मध्ये जीआर-७०० बरोबर आलेल्या जी-७०७ ने तर कमाल केली. नेकला समांतर असा एक दुसरा दांडा तिच्या डोक्यापासून अंगापर्यंत बसवलेला होता, कारण लाकडाच्या स्वतःच्या थरथरीमुळे काही ठिकाणी सूर लवकर मरतात आणि यंत्राला ते चालत नाही. दिसायला ती गिटार भविष्यातून आल्यासारखी होती. हातात मात्र ती परकीच वाटत असावी अशी मला दाट शंका आहे.

दुसरी वृत्ती म्हणते की गिटार आहे तीच राहू द्या, ऐकणारा तेवढा तिच्यावर बसवा. एआरपी कंपनीचा अॅव्हॅटार हा सिंथ १९७७ चाच. त्याच्याबरोबर सहा तारांसाठीचा स्वतंत्र पिकअप येई आणि तो वाजवणाऱ्याने आपल्याच गिटारवर बसवायचा असे. सिंथ एका वेळी एकच सूर काढणारा होता, बाजारात तो चालला नाही आणि १९८१ मध्ये ती कंपनीच बंद झाली. पण कल्पना टिकली. रोलँडनेही चोवीस पिनांच्या काळात लेस पॉल पद्धतीच्या गिटारवर बसवण्यासाठी एलपीके-१ नावाचे किट काढले होते. मात्र ते बसवायचे म्हणजे लाकूड कोरणे, सर्किटसाठी जागा करणे, त्या दांडग्या सॉकेटसाठी कडेला भगदाड पाडणे आले. तेरा पिनांची पद्धत आली तेव्हा कुठे हे काम चिकटपट्टी आणि दोन-चार स्क्रूंवर आले आणि सामान्य गिटारच्या मालकाची भीड चेपली.

माझी सहानुभूती अर्थातच दुसऱ्या वृत्तीकडे आहे. मात्र तिचे जे वर्णन केले जाते ते मला पुरेसे वाटत नाही. गिटारला नवे आवाज मिळाले, असे सगळे म्हणतात. आवाज मिळतातच, बासरी मिळते, ऑर्गन मिळतो, कोणत्याही वाद्याचे नाव देता येणार नाही असे धातूचे आणि धुक्याचे आवाज मिळतात. पण ते सगळे केबलच्या पलीकडच्या टोकाला असतात. गिटारवर प्रत्यक्षात जे बसते ते ऐकणारे साधन असते आणि त्याची ऐकण्याची रीत आपल्या कानाहून फार वेगळी असते. साधा पिकअप सहाही तारांचा मिळून एकच प्रवाह करतो. पाढे एका सुरात म्हणणाऱ्या वर्गासारखे ते असते: सतराच्या पाढ्यात कोण नुसते ओठ हलवतो आहे ते कळत नाही, आणि एकंदरीत वर्गाला पाढा येतो असे सर्वांचे समाधान होते. सहा वेटोळ्यांचा पिकअप प्रत्येकाला वेगळे उभे करून म्हणायला लावतो. मी वर्षानुवर्षे जो सी कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांचा गुच्छ, वाजवत आलो होतो त्यात चौथी तार दर वेळी अर्धवट दाबली जात होती, हे मला अशा रीतीने कळले. साध्या आवाजात तो कॉर्ड आजही चांगलाच वाटतो.

पट्टी बसवण्याचे काम चिकाटीचे आहे आणि त्यातले बरेचसे भिंगातून करावे असे आहे. ती ब्रिजपासून साधारण २० मिलिमीटरच्या आत असावी लागते, आणि त्यामागचे कारण फार सुंदर आहे. ब्रिजजवळ तारेचा झोका सर्वांत लहान असतो. तार वर कितीही खेचली, सूर पूर्ण एक स्वर चढवला, तरी ब्रिजपाशी ती जवळजवळ जागची हलत नाही आणि आपल्याच चुंबकावर राहते. हीच पट्टी नेककडे सरकवली तर खेचलेली दुसरी तार तिसरीच्या हद्दीत शिरेल आणि पलीकडे बसलेल्या यंत्राला कोण बोलते आहे ते कळणार नाही. उंचीचा हिशेबही असाच काटेकोर असतो: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि तार व पट्टी यांच्यामधले अंतर १ मिलिमीटर ठेवायचे. दाबलेली तार पट्टीच्या सर्वांत जवळ येते, म्हणून मोजमाप त्याच अवस्थेत घ्यायचे. तारांची मांडणी सहसा सपाट नसते, किंचित कमानदार असते. त्यामुळे पहिली आणि सहावी तार जमली की मधल्या दोघी दूर राहतात, मधल्या जमवल्या की कडेच्या घासू लागतात. मी पुठ्ठ्याच्या पातळ पाचरी कापून पट्टीखाली सरकवत होतो, बोटाने दाबत होतो, पुन्हा काढत होतो. पट्टीच्या मागचा मूळ फोम वयोमानाने विरला होता. हात लावताच त्याची चिकट, काळपट भुकटी बोटांना लागत होती आणि तिला गरम धूळ आणि जुने रबर यांच्यामधला काहीसा वास होता. जुन्या विद्युत वस्तू उघडणाऱ्यांना तो वास ओळखता येईल.

सगळ्या गिटारींवर हे जमतेच असे नाही. ज्यांच्या तारा अंगापासून उंच असतात त्यांच्यावर पट्टी सहज शिरते. ज्यांच्या तारा अंगालगत असतात त्यांचे लाकूड तासावे लागते. तारा पोलादीच हव्यात, कारण सारा खेळ चुंबकाचा आहे. नायलॉनच्या तारांना या पट्टीच्या लेखी अस्तित्वच नसते. त्यांच्यासाठी ब्रिजमध्येच दाबाने वीज निर्माण करणारे पिझो खडे बसवण्याची वेगळी वाट आहे, पण तिथे पुन्हा कोरकाम आले. माझ्या गिटारला मी भोक पाडले नाही. डबी तिच्या कडेवर जाड डबल साइड टेपने चिकटवली आहे आणि ती दिसायला विद्रूप आहे. कोणी तसे म्हटले तर मी वाद घालत नाही. जुन्या पिकअपचा जो भक्तिसंप्रदाय आहे त्यातही मला फारसा रस नाही. त्याच्या डबीतले आवाज कमीजास्त करणारे पोटेन्शियोमीटर खरखरतात, केबलच्या टोकाचे डाग सुटतात, आणि नव्या पट्ट्या बसवायला याहून सोप्या आहेत. जुने ते सोने हे निदान सोल्डरच्या बाबतीत खरे नाही. माझा पिकअप जुना आहे कारण तो मिळाला आणि चालू होता.

सर्व जोडून झाल्यावर मी पहिल्यांदा सिंथचा आवाज निवडलाच नाही. सहा तारांचे सहा कच्चे संकेत वेगवेगळे विकृत करून, म्हणजे प्रत्येक तारेला स्वतःचे फझ देऊन ऐकले. गिटार सिंथच्या अगदी जुन्या पिढीपासून ही युक्ती आहे आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातले ते सर्वांत अस्सल फळ आहे. साध्या गिटारवर जोरकस फझ लावून मेजर कॉर्ड वाजवला तर चिखल होतो, हे प्रत्येक वाजवणाऱ्याला माहीत असते. त्याचे गणित असे: ११० हर्ट्‌झचा ए आणि सुमारे १३८.६ हर्ट्‌झचा सी शार्प हे दोन सूर एकाच विकृतीतून गेले की त्यांच्याबरोबर त्यांची बेरीज आणि वजाबाकीही जन्माला येते. २४८.६ हा बी च्या आसपासचा कुठलातरी सूर, आणि २८.६ ही तळाशी गुरगुरणारी घरघर. कॉर्डमध्ये यांना कोणी बोलावलेले नसते. रॉक वाजवणारे लोक गांधार टाळून नुसता मूळ सूर आणि पंचम का वाजवतात याचे उत्तर यातच आहे: त्या जोडीची बेरीज-वजाबाकी पुन्हा घरातलीच निघते. पण प्रत्येक तार वेगळ्या वाटेने विकृत झाली तर बेरीज होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सहा कर्कश आवाज एकमेकांना न चिकटता शेजारी शेजारी उभे राहतात आणि त्यांचा मिळून होणारा कॉर्ड ऑर्गनसारखा स्वच्छ, उभा आणि थोडासा भयंकर वाटतो. मी त्या आवाजात एकच मेजर सेव्हन्थ कॉर्ड घेऊन कितीतरी वेळ बसलो होतो. चांगले वाटत होते आणि थोडे चुकल्यासारखेही. ज्या गढूळपणाला मी गिटारचा स्वभाव समजत होतो तो एकाच वायरीतून सगळे पाठवल्याचा परिणाम होता.

मग सिंथचा आवाज लावला आणि छेड व सूर यांच्यामधला उशीर भेटला.

या उशिराबद्दल खूप तक्रारी ऐकायला मिळतात आणि त्यातल्या निम्म्याअधिक यंत्रावर अन्याय करणाऱ्या असतात. तार कोणत्या सुरात हलते आहे हे ठरवायचे तर तिचे निदान एक आवर्तन पुरे व्हायला हवे. त्याआधी सूर म्हणावे असे काही अस्तित्वातच नसते. पहिली तार, ३२९.६ हर्ट्‌झची, ते आवर्तन सुमारे ३ मिलिसेकंदांत पुरे करते. खर्जाची सहावी तार ८२.४ हर्ट्‌झची असते आणि तिला १२ मिलिसेकंद लागतात. १२ मिलिसेकंद म्हणजे किती, तर आवाजाला हवेतून सुमारे ४ मीटर जायला लागतो तेवढा वेळ. चार मीटरवर ठेवलेल्या अॅम्पबद्दल कोणी कुरकुर करत नाही. पण यंत्र एका आवर्तनावर विश्वास ठेवत नाही. पिकचा, म्हणजे तार छेडायच्या चकतीचा, तारेवरचा पहिला स्पर्श हा सूर नसतो, तो ओरखडा असतो. तो शमेपर्यंत थांबावे लागते, मग एकाहून अधिक आवर्तने ताडून पाहावी लागतात, मग मिडीचा, म्हणजे विद्युत वाद्ये एकमेकांना सूर कळवतात त्या अंकीय भाषेतला, संदेश जातो, मग आवाज तयार होतो. हा एकत्रित उशीर पहिल्या तारेवर जाणवत नाही आणि सहाव्यावर स्पष्ट जाणवतो. घाई केली तर दुसरीच गंमत होते: यंत्र मूळ सुराऐवजी त्याचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनांचा उपसूर, उचलते आणि सूर एक सप्तक वर उडी मारून परत येतो. चांगला गायक जरा अडखळला तर जेवढे लाजिरवाणे वाटते त्याहून हे जास्त वाटते, कारण यात अडखळण्याचा मानवी आव नसतो. जुनी, गंजत चाललेली, ठिकठिकाणी जाडी बदललेली तार असेल तर हे वारंवार होते. जीआर-३०० ला हे दुखणे फारसे नव्हते, कारण ते सूर आधी मोजून मग वेगळा वाजवण्याच्या भानगडीत पडत नसे. तारेच्या स्पंदनालाच धरून त्यातून आपली लाट घडवत असे. त्याच्यानंतर आलेल्या मिडीच्या पिढीने हजारो आवाज मिळवले आणि हा तात्काळपणा गमावला. हा व्यवहार तोट्याचा होता असे मला अजूनही वाटते, जरी त्या हजारांतले काही आवाज माझ्या आवडीचे असले तरी.

उशिरावर उपाय हाताला शोधावे लागतात. बासचा आवाज हवा असेल तर तो सहाव्या तारेवर वाजवायचा नाही; तिसऱ्या-चौथ्या तारेवर वाजवायचा आणि सिंथमध्ये एक सप्तक खाली उतरवायचा. बोटांना ते विचित्र वाटते, पण यंत्राला ऐकायला कमी वेळ लागतो. छेड एकसारखी ठेवायची. एका तारेवरून दुसरीवर जाताना पहिलीवरचे बोट उचलायचे नाही, ते थोडे सैल करून तिथेच टेकवून ठेवायचे, म्हणजे ती बोलायची थांबते. उजव्या तळहाताची कड खालच्या तारांवर आणि डाव्या हाताची मोकळी बोटे वरच्या तारांवर, असा पहारा सतत ठेवायचा. कारण पहिल्या तारेवर पाचव्या फ्रेटवरचा ए वाजवला की दूर बसलेली मोकळी पाचवी तार आपोआप थरथरू लागते. तिच्या ११० च्या चौपट ४४० होतात, आणि हे नाते तिला न शिकवता माहीत असते. एकट्या गिटारवर हा अनुनाद म्हणजे वाद्याची श्रीमंती. सिंथवर तो बिनबोलावता आलेला दुसरा वादक. गिटारच्या आवाजाला जे काही ऊबदार, खोल, लाकडी असे आपण म्हणतो त्यातले बरेचसे या न छेडलेल्या तारांचे असते, आणि मी आता हाताच्या कडेने तेच दाबून टाकायला शिकत होतो.

हे शिकणे मला पूर्णपणे आवडले असे म्हणवत नाही. हात स्वच्छ झाला यात शंका नाही. साध्या गिटारवर, सिंथ बंद असताना, माझे सुटे सूर आता अधिक सुटे येतात. दोन सुरांमधली जागा खरोखर रिकामी असते. पण कधी कधी ती जास्तच रिकामी वाटते. पूर्वी तान संपली की तिच्या मागे एक धूसर पदर रेंगाळत असे, कोणत्या तारेचा ते कळू नये असा. तो माझ्या निष्काळजीपणातून येत होता हे आता माहीत झाले आहे, तरी तो सुंदर होता हेही माहीत आहे. आता तो हवा असेल तर मुद्दाम हात उचलून आणावा लागतो, आणि मुद्दाम आणलेल्या गोष्टीकडे वाजवणारा थोडा संशयानेच पाहतो.

तो मित्र कीबोर्ड वाजवतो. या सगळ्याबद्दल त्याचा आक्षेप सरळ होता: "एवढा आटापिटा करण्यापेक्षा कीबोर्ड का नाही शिकत?" कळ दाबली की सूर लागलीच येतो, चुकीच्या सप्तकात उडी मारत नाही, बाहीच्या बटणाने वाजत नाही. मी त्याला तारा खेचून दाखवल्या. दुसरी तार स्थिर ठेवून तिसरी हळूहळू तिच्या सुरापर्यंत चढवली; स्पीकरमध्ये दोन बासऱ्या होत्या, एक जागची हलत नव्हती आणि दुसरी मींड घेत तिच्याजवळ येत होती. शेवटच्या अंतरावर दोघींच्या सुरांत ठोके ऐकू येऊ लागले, मंदावले, थांबले. हे शक्य होते कारण सिंथ प्रत्येक तारेसाठी मिडीची वेगळी वाहिनी वापरतो. सूर वाकवण्याची आज्ञा मिडीत संपूर्ण वाहिनीला लागू होते; सहाही तारा एकाच वाहिनीवर असत्या तर एक खेचल्यावर बाकीच्याही तिच्याबरोबर घसरल्या असत्या. नेहमीच्या कीबोर्डवर चाक फिरवले की नेमके तसेच होते. मित्राने मान हलवली, आणि मग स्वतःच्या कीबोर्डवर दोन्ही हातांनी दहा सुरांचा असा एक कॉर्ड घेतला की जो माझ्या सहा तारांवर कधीच बसणार नाही. दोघांचेही म्हणणे संपले.

आता या पद्धतीची पुढची पिढी आली आहे. २०२३ मध्ये आलेल्या जीके-५ या पिकअपमध्ये तारांचे संकेत गिटारवरच अंकीय होतात आणि तेरा पिनांची जाडजूड केबल जाऊन साध्या जॅकची केबल येते. ज्याला गिटारच्या कडेला लोंबणारा तो दोरखंड सांभाळत उभे राहून वाजवायचे आहे त्याने खुशाल नवे घ्यावे. जुन्या पट्टीसाठीही दार बंद झालेले नाही. तेरा पिनांचा संकेत नव्या पद्धतीत बदलणारी जीकेसी-एडी नावाची डबी मिळते, आणि त्याच्याही आधीच्या चोवीस पिनांना तेरांत आणणारी बीसी-१३ होतीच. एका पिढीचा ऐकणारा दुसऱ्या पिढीच्या बोलणाऱ्याला जोडता येतो ही गोष्ट विद्युत उपकरणांच्या जगात इतकी दुर्मिळ आहे की तिच्यासाठी मी बरेच काही माफ करायला तयार आहे. चुंबक, वेटोळे आणि पोलादी तार यांच्यात बदलण्यासारखे तसेही फारसे काही नाही.

माझी डबी जिथे आहे तिथेच आहे, आणि तिच्यावरचा तीन टप्प्यांचा स्विच बहुतेक वेळा मधोमध असतो. एका टोकाला नुसती गिटार, दुसऱ्या टोकाला नुसता सिंथ आणि मध्ये दोन्ही एकत्र. मधल्या टप्प्यावर उशिराचे स्वरूपच पालटते. छेडीचा पहिला टोकदार स्पर्श गिटारचा असतो, तो तत्क्षणी येतो आणि कानाची घाई भागवतो. सिंथचा आवाज त्याच्या मागून, थोडा रेंगाळत आत शिरतो आणि गिटार विझू लागते तेव्हा पुढे येतो. सुराचे डोके एकाचे आणि शेपूट दुसऱ्याचे, असे एक तिसरेच वाद्य तयार होते. गिटारच्या अंगात दडलेली ती धूसर गुणगुणही मूळ पिकअपमधून शाबूत येते, त्यामुळे मोकळ्या तारांवर पहारा थोडा सैल सोडता येतो. सहाव्या तारेची संवेदनशीलता मात्र सिंथमध्ये बाकीच्यांपेक्षा दोन-तीन घर खाली ठेवावी लागते, नाहीतर ती बसल्या जागी पाय हलवला तरी बोलते.